काळकंठाच्या गुहेतली अर्धी वाक्यं

एका राज्यात अशी चाल होती, की वाक्य लहानांनी सुरू करावं आणि मोठ्यांनी संपवावं. ही चाल कोणी घातली, कधी घातली, ते मला विचारू नका. मलाही कोणी सांगितलेलं नाही. लेकरानं म्हणावं, "आई, जेव्हा मला भूक लागते," आणि हात जोडून गप्प उभं राहावं. आईनं म्हणावं, "तेव्हा मी तुला भाकरी वाढते." झालं वाक्य! त्या लेकराला भाकरीऐवजी दूधभात हवा असला तर? छे, असलं काही कोणी विचारत नसे. जमलेल्यांत जो वयानं सर्वांत मोठा, शेवट त्याचा, आणि तो बोलला की पुढे कोणी चकार शब्द काढायचा नाही.

त्या राज्याचा राजा अरिंजय. त्याची एकुलती एक मुलगी केतकी, वय सात. आणि केतकीला नि गावातल्या सगळ्या पोरांना भाषा शिकवायला राजानं नेमली होती तुंगाक्का. उंच, काटकुळी, आवाज खणखणीत, राग नाकाच्या शेंड्यावर. पण शिकवावं तर तिनंच. शाळेच्या अंगणात तिनं भिंतीला एक शिडी टेकवून ठेवली होती.

"भिंत म्हणजे मुख्य वाक्य," ती सांगे. "तिला कोणाचा टेकू लागत नाही. 'घोडा पळाला.' संपलं, उभं राहिलं. शिडी म्हणजे गौण वाक्य. 'जेव्हा ढोल वाजला.' हे एकटं उभं राहील का?"

"नाही, अक्का!"

"मग अंगणाच्या मधोमध शिडी उभी करून बघा, आणि गुडघे फोडून घ्या."

पोरं हसत. मग एकेकानं उठावं, आपली शिडी मांडावी, आणि भिंत तुंगाक्कानं बांधावी. कोणी म्हणे, "जरी बाहेर ऊन पडलं," की तुंगाक्का म्हणे, "तरी शाळा भरते." कोणी म्हणे, "ज्या मुलाकडे भोवरा असतो," की तुंगाक्का म्हणे, "तो मुलगा अभ्यासात मागे राहतो." पोराच्या तोंडून 'जर' निघायचा अवकाश, अक्काच्या जिभेवर 'तर' तयार. सगळ्या राज्यात तिच्याइतकं झटपट वाक्य कोणी पुरं करत नसे, आणि याचा तिला अभिमान होता. केतकी तिची सर्वांत लाडकी, कारण केतकीइतकं नीट हात जोडून थांबणारं दुसरं मूल शाळेत नव्हतं.

आता ऐका, घोटाळा कुठे झाला ते. राजाच्या सिंहासनाखाली एक शिळा होती. वर्षारंभाच्या दरबारात त्या शिळेसमोर राजाच्या मुलानं एक वाक्य सुरू करायचं, दरबारातल्या सर्वांत वृद्ध माणसानं ते संपवायचं, आणि जे बोललं जाईल ते खरं व्हायचं. प्रधान म्हातारे होते, समजूतदार होते. ते दरवर्षी पिकापाण्याचं बोलत आणि पीकपाणी होई.

त्या वर्षी केतकी शिळेसमोर उभी राहिली. हात जोडले. म्हणाली, "ज्या दिवशी मी आठ वर्षांची होईन..."

प्रधानांनी घसा खाकरला. एवढ्यात दरबाराच्या मागच्या रांगेतून एक माणूस उठला. काळी घोंगडी, पांढऱ्या भुवया, आणि गळ्याला कोळशासारखा काळा डाग.

"थांबा, प्रधानजी. तुमचं वय काय?"

"नव्वदीला टेकलो."

"मी या शिळेहून मोठा आहे. शेवट माझा." आणि कोणी हलायच्या आत तो बोलून गेला, "त्या दिवशी ती पक्षी होऊन माझ्या पिंजऱ्यात येईल."

शिळेनं हुंकार दिला. वाक्य पुरं झालं. तो होता मांत्रिक काळकंठ, काळ्या डोंगरावर राहणारा.

राजाच्या तोंडचं पाणी पळालं. तलवारीला हात घालून तो ओरडला, "हा अन्याय आहे!"

"अन्याय कसला? चाल तुमचीच आहे, महाराज. मी फक्त पाळली." काळकंठ दारापर्यंत गेला आणि वळला. "सैन्य पाठवाल तर मुलीचं पीससुद्धा दिसणार नाही. फार तर जिनं तिला बोलायला शिकवलं, तिला पाठवा. एकटी."

केतकीचा आठवा वाढदिवस उजाडला. राणी तिला न्हाऊ घालत होती. बाहेर भालाईत, आत दासी, दाराखिडक्यांना अडसर. राणीनं डोक्यावर पहिला तांब्या ओतला, आणि तिच्या हातांत मुलीच्या जागी एक ओलं हिरवं पाखरू होतं. पाखरानं अंग झटकलं, धुराड्यातून वर गेलं आणि काळ्या डोंगराकडे उडालं. राणीनं जी किंकाळी फोडली, ती शाळेच्या अंगणापर्यंत ऐकू आली.

राजा स्वतः शाळेत आला. अनवाणी.

"अक्का, तुम्ही शिकवलंत. आता तुम्हीच जा."

"जाते, महाराज."

"आणि ती नाही आली तर?"

तुंगाक्का आजवर कोणाच्या 'तर'पाशी अडली नव्हती. आज अडली. तिनं पदर खोचला आणि निघाली.

काळा डोंगर चढता चढता दुपार झाली. माथ्यावर गुहा. गुहेला दार नव्हतं, पण आतून असा काही कलकलाट येत होता की पाऊल पुढे पडेना. आत शिरली आणि बघते तर छतापासून जमिनीपर्यंत पिंजरेच पिंजरे. प्रत्येकात एक पक्षी, आणि प्रत्येक पक्षी माणसाच्या लेकराच्या आवाजात एकच अर्धं वाक्य बोलत होता. "जेव्हा बाबा बाजारातून येतील..." "जर मी पहिली आले..." "ज्या घरात आम्ही राहायचो..." बोलायचा, मान खाली घालायचा, वाट बघायचा. पुन्हा बोलायचा.

ही पाखरं नव्हती, पोरं होती. वर्षानुवर्षांची, कोणाकोणाची, अर्ध्या वाक्यावर थांबलेली असताना काळकंठानं उचललेली. गावात ज्यांची मुलं हरवली, त्यांनी नदीला बोल लावला होता, लांडग्याला बोल लावला होता.

"आलीस?" काळकंठ दगडी चौरंगावर बसून जपमाळ ओढत होता. "शर्त ऐक. तीन पिंजरे उघडायचे. पिंजरा कशानं उघडतो? आतल्या पक्ष्यानं आपलं वाक्य आपल्या तोंडानं, आपल्या मनानं पुरं केलं तर. सूर्य मावळायच्या आत तिघं बोलले, तर ही सगळी पाखरं तुझी. एक जरी अडला, तर सगळी माझी आणि चौथा पिंजरा तुझा."

"मी त्यांच्याशी बोललेलं चालेल?"

"खुशाल बोल. पण त्यांच्या वाक्याचा पुढचा एक शब्द जरी तुझ्या तोंडून निघाला, तर खेळ तिथेच संपला." आणि तो हसला. "तू तर फार चटकन बोलतेस, असं ऐकलंय."

पहिल्या पिंजऱ्यात साळुंकी होती. पिसं विटलेली, डोळे म्हातारे, आवाज मात्र एवढ्याशा मुलीचा. ती म्हणाली, "जर माझी आई आली..." आणि मान खाली घातली.

'तर मी तिच्याबरोबर घरी जाईन!' तुंगाक्काच्या जिभेच्या टोकावर वाक्य येऊन उभं राहिलं. तिनं जीभ अशी चावली की तोंडात रक्ताची चव आली. मग ती शिडी सांगू लागली, भिंत सांगू लागली, मुख्य म्हणजे काय, गौण म्हणजे काय. साळुंकी ऐकत राहिली आणि पुन्हा तेच. "जर माझी आई आली..." अगं बाई, नियम कशाला सांगतेस? नियम तिला कळत होता. शेवट आपला असू शकतो, हे तिला कळत नव्हतं.

उन्हाची तिरीप गुहेच्या तोंडातून आत सरकली.

"बाळ," तुंगाक्का खाली बसली. "ते वाक्य राहू दे बाजूला. तू मला दुसरं एक वाक्य सांग. छोटंसं. ज्याला मागेपुढे काही नको."

साळुंकी घाबरली. पंख मिटले, उघडले. मग अगदी बारीक आवाजात, "मला भूक लागलीय."

काळकंठाच्या हातातली माळ थांबली.

"उभं राहिलं की नाही?" तुंगाक्का म्हणाली. "कोणी टेकू दिला?"

"कोणी नाही."

"मग आता तुझ्या आईचं सांग."

साळुंकीनं मान वर केली. "जर माझी आई आली, तर तिला सांगा, मी अजिबात रडले नाही."

पिंजऱ्याचं दार उघडलं आणि जुन्या चालीचा परकर नेसलेली एक मुलगी बाहेर आली. नाव तिचं येसू. तुंगाक्कानं तिला पोटाशी धरलं आणि तिला मनोमन लाज वाटली, कारण आपण त्या पोरीच्या तोंडात काय घालणार होतो, ते तिला आठवलं.

दुसऱ्या पिंजऱ्यात टिटवी, आवाज एका पोराचा. ही थांबत नव्हती, वाट बघत नव्हती. नुसती पिंजऱ्याला धडका देत किंचाळत होती. "जरी मला भीती वाटते! जरी मला भीती वाटते!"

"ह्याचं सोपं आहे," काळकंठ गोड आवाजात म्हणाला. "ह्याला धीर दे. दोन शब्दांचं काम. तुझ्या शाळेत कोणी घाबरलं तर तू काय म्हणतेस?"

तुंगाक्काचं तोंड उघडलंसुद्धा होतं. 'तरी घाबरायचं नसतं.' हेच म्हणत आली होती ती, वर्षानुवर्षं. तिनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. येसू तिच्या पदराआड लपली.

टिटवी किंचाळत होती आणि ऊन हळूहळू भिंतीवर चढत होतं. तुंगाक्काच्या लक्षात आलं की हा पोरगा 'जरी'पाशी येऊन अडकतोय. पुढे भीती दिसते आणि पाय उचलत नाही. ती पिंजऱ्याशी गेली.

"अरे, ऐक. वाक्याला दोन्ही बाजूंनी शिरता येतं. शिडी आधी की भिंत आधी, हा नियम कोणी केलेला नाही. तुझी भीती मागून येऊ दे. ती कुठे जात नाही. आधी तुला काय करायचंय ते सांग."

"आधी?"

"आधी. मोठ्यानं."

टिटवी गप्प झाली. छाती फुगवली. "मी नदीत उडी मारणार, जरी मला भीती वाटते तरी!"

दार असं धाडकन उघडलं की पिंजराच कोसळला. गुडघे खरचटलेला एक पोरगा बाहेर येऊन उभा राहिला आणि लगेच विचारू लागला, नदी कुठेय. तुंगाक्काला हसू फुटलं, पण ते ओठांवर यायच्या आत तिनं बाहेर पाहिलं. सूर्य डोंगराला टेकायला आला होता.

तिसऱ्या पिंजऱ्यात हिरवं पाखरू. अजून पंख ओलेच. तुंगाक्काला बघताच ते दांडीवर ताठ बसलं, दोन्ही पंख छातीशी जोडले आणि स्पष्ट, शुद्ध, शाळेत म्हणावं तसं म्हणालं, "ज्या दिवशी मी आठ वर्षांची होईन..." आणि थांबलं. नजर अक्काच्या ओठांवर.

"केतकी, मला एक छोटं वाक्य सांग."

"घोडा पळाला," पाखरू म्हणालं. लगेच. चूक म्हणून नाही.

"आता तुझं वाक्य उलट्या बाजूनं सांग बरं. आधी मुख्य, मग गौण."

पाखरानं अक्काचा चेहरा नीट न्याहाळला. तिच्या भुवया पाहिल्या, ओठांची हालचाल पाहिली. मग म्हणालं, "मी सर्व गुरुजनांना वंदन करीन, ज्या दिवशी मी आठ वर्षांची होईन."

वाक्य पुरं होतं. बिनचूक होतं. आणि पिंजऱ्याचे गज सळसळून दुप्पट जाड झाले.

काळकंठ पोट धरून हसला. "तोंड तिचं, पण वाक्य तुझं! बाई, तुझी ही शिष्या माझ्या सगळ्या पाखरांहून पक्की आहे. हिला तू इतकं छान शिकवलंयस, की मला काही करावंच लागलं नाही."

खरं होतं ते! ही पोर तुंगाक्काचा चेहरा वाचत होती. अक्काला काय आवडेल, काय ऐकायचंय, ते शोधून तेच तिला देत होती. मुस्काटात बसावी तसं लागलं तिला. पोरगी पुन्हा म्हणाली, "मी मन लावून अभ्यास करीन, ज्या दिवशी..." गज आणखी जाड झाले. आता मधल्या फटीतून बोटही जाईना. "मी आईवडिलांची आज्ञा पाळीन..." पाखरू रडकुंडीला आलं. "चुकलं का, अक्का? काय म्हणू? सांगा ना!"

"सांग ना," काळकंठ म्हणाला. "लेकरू विचारतंय. मावळतोय बघ सूर्य."

काय सांगावं? 'तुला हवं ते बोल' म्हणावं, तर ती पुन्हा चेहऱ्याकडेच बघणार. तेव्हा तुंगाक्कानं एक गोष्ट केली, जी त्या राज्यात कोणी मोठा माणूस लहानासमोर करत नसे. केलीच तर मूल टाकून देताना करत असे. तिनं केतकीकडे पाठ फिरवली. जमिनीवर बसली, पदर तोंडावर ओढला आणि गप्प झाली.

"अक्का?"

तुंगाक्का गप्प.

"अक्का, माझ्याकडे बघा ना!"

येसूनं अक्काचा हात घट्ट धरला. पदराआड अक्काला काहीच दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. पाखराचं मुसमुसणं, माळेचे मणी, आणि गुहेत पसरत जाणारा गारठा. उन्हाचा शेवटचा पट्टा आता विझायला आला असेल, एवढं तिला अंगावर कळलं. आपण चुकलो की काय? ही पोर आता कायमची पाखरू राहिली तर राणीला काय तोंड दाखवायचं? पण तिनं वळून पाहिलं नाही.

मुसमुसणं थांबलं. मग पाखराला राग आला. तो राग आधी आवाजात आला, मग शब्दांत.

"ज्या दिवशी मी आठ वर्षांची होईन, त्या दिवशी मी शाळेत येणार नाही! मुळीच येणार नाही! मला शाळा नाही आवडत, मला हात जोडून पाय दुखतात, मला दिवसभर आईच्या अंथरुणात लोळायचंय!"

जाड जाड गज खळाखळा तुटून पडले.

तुंगाक्कानं पदर काढला. समोर केतकी उभी. ओले केस, लाल डोळे, आणि आपण काय बोललो म्हणून पांढराफटक पडलेला चेहरा. आणि तुंगाक्का, जिच्या नाकाच्या शेंड्यावर राग असे ती तुंगाक्का, हसत सुटली. हसता हसता रडली. इतकी वर्षं शिकवलं, पण एखाद्या मुलाच्या वाक्याचा शेवट तिला आधी ठाऊक नव्हता, असं आज पहिल्यांदाच घडलं होतं.

"शाबास," ती म्हणाली. "आज शाळा नाही."

बाकीच्या पाखरांना वेगळं काही शिकवावं लागलं नाही. त्यांनी ऐकलं होतं, एवढं पुरलं. सगळी गुहा एकदम बोलू लागली. कोणी बाबांना लाडू मागत होतं, कोणी भावाला माफ करत होतं, कोणी म्हणत होतं मी पहिली आले तर सगळ्यांना वेडावून दाखवीन. पिंजऱ्यांची दारं फटाफट उघडत होती.

"गप्प!" काळकंठ उठून उभा राहिला. त्याला शाप द्यायचा होता. त्यानं हात उगारला, तोंड उघडलं आणि तसाच राहिला. आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांच्या वाक्यांच्या शेवटी शाप जोडले होते, शापाची सुरुवात स्वतः कधी केलीच नव्हती. आता सुरुवात सापडेना. एखादं मूल चुकून अर्धं थांबेल म्हणून तो डोळे फाडून इकडेतिकडे बघत राहिला. एकही थांबलं नाही. तो उगारल्या हातानं दगड झाला, आणि पोरं त्याच्या पायांमधून बाहेर पळाली.

खाली पायथ्याशी राजा आणि राणी उभे होते. केतकी धावत जाऊन राणीच्या गळ्यात पडली. राजानं विचारलं, "बाळ, तुला जेव्हा त्यानं पिंजऱ्यात..." आणि काय झालं कोण जाणे, केतकीनं बापाच्या तोंडावर हात ठेवला. "मी सांगते," ती म्हणाली. राजा ऐकत राहिला.

दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली गेली. ज्यानं वाक्य सुरू केलं, त्यानंच ते संपवावं. मोठ्यांनी मधे बोलू नये. मोठ्यांना हे फार जड गेलं. प्रधानजींनी तर सुपारी तोंडात ठेवायची सवय लावून घेतली. पण शापाचं सावट गेलं, काळा डोंगर हिरवा झाला, आणि हरवलेली मुलं आपापल्या घरी गेली.

ज्यांना घरं होती, ती गेली. येसूचं घर कोणाच्या आठवणीत नव्हतं. तिची आई कधीच काळाआड गेली होती. येसूला तुंगाक्कानं आपल्याकडे आणलं.

एके संध्याकाळी दोघी जेवायला बसल्या होत्या. येसूनं घास हातात धरला आणि म्हणाली, "अक्का, जेव्हा मला आईची फार आठवण येते..."

आणि थांबली.

तुंगाक्काच्या जिभेवर शेवटांची रांग लागली. तेव्हा देवाचं नाव घ्यावं. तेव्हा कामात मन घालावं. तेव्हा रडू नये. सवय हो, जाता जात नाही! तिनं भाकरीचा भलामोठा तुकडा तोडला आणि आपल्याच तोंडात कोंबला.

येसू बराच वेळ ताटाकडे बघत राहिली. मग सरकत सरकत जवळ आली.

"तेव्हा मी तुम्हाला आई म्हणणार आहे," ती म्हणाली.

तुंगाक्काचं तोंड भाकरीनं भरलेलं, डोळे पाण्यानं भरलेले. तिनं नुसती मान हलवली, पुन्हा हलवली, आणि पोरीला ओढून मांडीवर घेतलं.